कूलरच्या टाकीतलं कासव

चंद्रपुरात उन्हाळा आल्याचं कॅलेंडर सांगत नाही, कूलर सांगतात. मार्च संपता संपता एका रविवारी गल्लीतल्या प्रत्येक दारासमोर लोखंडी खोकी उभी राहतात. खोक्यांच्या बाजूंना लावलेल्या जुन्या ताट्यांचं काळं पडलेलं गवत रस्त्यावर येतं, नव्या ताट्यांचा ओल्या लाकडाचा वास सुटतो आणि एरवी घरातला बल्बही न बदलणारे नवरे हातात पेचकस घेऊन मिस्त्री होतात. यंदाही आमचा कूलर बाहेर निघाला. प्रशांतने, माझ्या नवऱ्याने, त्याला रंग दिला, गरज नसताना. मी बटण दाबलं आणि हातातलं काम टाकून तिथेच उभी राहिले. पंख्याची घरघर, मोटरची गुणगुण, ताट्यांवरून ठिबकणारं पाणी. बाकी काही नव्हतं. तरी मी बराच वेळ टाकीकडे कान लावून होते.

मी शाळेत शिकवते. परीक्षेच्या हॉलवर माझी ड्युटी लागली की मुलं कपाळाला हात लावतात, कारण चिठ्ठीची चुरचुर कोणत्या बाकावरून आली हे मला पाठमोरी असतानाही कळतं. प्रशांत म्हणतो, तुझा स्वभाव संशयी आहे. मी म्हणते, कान जागेवर आहेत. या घरात सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं होतं, संशयाच्या बाबतीत इथे आपला हात कोणी धरणार नाही. मग मामाजींशी गाठ पडली. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात सासऱ्याला मामाजीच म्हणतात. हा माणूस बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख माझ्याकडून वाचून घ्यायचा आणि मी आत गेले की तीच प्रशांतकडून. राँग नंबर आला तर अर्धा दिवस विचार करायचा, की आपला नंबर त्याच्याकडे गेलाच काऊन.

पण त्यांचा खरा संशय पाण्यावर. त्याची मुळं खोल आहेत, शब्दशः विहिरीइतकी.

मामाजींचं गाव वरोऱ्याच्या बाजूला होतं. होतं म्हणायचं, कारण आता तिथे कोळशाची खाण आहे. गावाच्या एका अंगाला आमच्या लोकांची वस्ती आणि वस्तीच्या मधोमध आमची विहीर. धम्मदीक्षा घेतली त्या सुमारास मामाजींच्या वडलांनी आणि वस्तीतल्या माणसांनी ती आपल्या हातांनी खोदली. त्याआधी गावच्या विहिरीवर आमच्या बायका घागर घेऊन लांब उभ्या राहायच्या. कोणाला दया आली आणि त्याने वरून ओतलं, तर पाणी. आपली विहीर झाली आणि ते ताटकळणं संपलं. मात्र वर्षही झालं नसेल, कोणीतरी त्या विहिरीत मेलेलं कुत्रं टाकलं. कोणी, ते कधीच कळलं नाही. वस्तीने सगळं पाणी उपसलं, चुना टाकला, नवं पाणी भरू दिलं. मग मामाजींच्या वडलांनी तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवराकडून तळहाताएवढं कासव आणलं आणि विहिरीत सोडलं.

विहिरीत कासव सोडायची रीत तशी बऱ्याच गावांत आहे. ते किडे खातं, सडकं-कुजकं खातं, पाणी निवळ राहतं. इतरांच्या विहिरीत ते साफसफाईला असायचं, आमच्या विहिरीत पहाऱ्याला होतं. मामाजी सांगायचे, "माहा बाप गावाचा कोतवाल होता. साऱ्या गावाचा पहारा त्यानं केला. मंग आमच्या पान्याचा पहारा कोन करन? म्हनून हा ठेवला." कासवाचं नावही त्यामुळे कोतवाल. एक म्हातारं होऊन मेलं की दुसरं यायचं, नाव तेच राहायचं.

मी नवी नवरी असताना पहिल्यांदा त्या विहिरीवर गेले आणि बादली सोडायला लागले, तर सासूबाईंनी मनगट धरलं. "थांब नं बाई. आधी त्याले वर येऊ दे." आम्ही दोघी काठावर वाकून उभ्या. खालच्या काळ्या पाण्यात काही हललं, दोन बारीक नाकपुड्यांचं टोक वर आलं, फुस्स झालं आणि वर्तुळं उमटली. मग सासूबाई म्हणाल्या, "आता सोड." मला हसू आलं होतं. कासव जिवंत तर पाणी चांगलं, एवढा साधा हिशेब. आज ते हसू आठवलं की वाटतं, ज्यांच्या पाण्यात कोणी कधी काही टाकलं नाही त्यांना असं हसता येतं. माझं माहेर नळाचं होतं.

गाव उठलं तेव्हा लोकांनी घरांच्या चौकटी काढल्या, कौलं काढली, काहींनी विटाही नेल्या. मामाजींनी विहिरीत दोर सोडायला लावून कोतवालाला वर काढलं. सासूबाई त्याच्या आधीच गेल्या होत्या. झाकणाची बादली मांडीवर घेऊन ते बसने आमच्याकडे आले आणि वाटेत कंडक्टरला बादलीत मासे आहेत असं सांगितलं. कासव घरात ठेवणं गुन्हा आहे हे मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी मी तसं म्हटलं.

"हा घरात कुठी हाय?" मामाजी म्हणाले. "पान्यात हाय."

हिवाळाभर तो मागच्या सिमेंटच्या हौदात राहिला. मोठ्या ताटाएवढा, चपटा, हिरवट, पाठीवर पिवळे ठिपके. पाठ दगडासारखी टणक नाही, जाड चामड्यासारखी. हौदात नळाचं पाणी. सकाळी मामाजी हौदापाशी उभे राहायचे, कोतवाल नाक वर काढायचा, मग मामाजी आत येऊन पहिला ग्लास प्यायचे. विहीर गेली होती, रीत गेली नव्हती. मला ते चालत होतं. कोणाला सकाळी चहा लागतो, कोणाला कासव.

मग तो उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा बाहेरच्यांना सांगून पटत नाही. सकाळी नऊलाच रस्ते ओस पडतात, दुपट्टा तोंडाला गुंडाळल्याशिवाय बाई बाहेरच येत नाही. जंगलातून चारं आणि टेंभरं, म्हणजे चारोळीची आणि तेंदूची फळं, घेऊन बाया बाजारात बसतात, त्यांचा आंबट-गोड वास तापलेल्या डांबरावर पसरतो. गच्चीवर अनवाणी गेलं की तळपाय भाजतात आणि वर काळेही होतात, कारण कोळशाची धूळ. नवतपा, मे अखेरचे ते नऊ जळते दिवस, लागेपर्यंत हौदातलं पाणी दुपारी चहाइतकं तापायला लागलं. मामाजींनी बोट बुडवून पाहिलं आणि त्यांना एक युक्ती सुचली. घरात सगळ्यात गार पाणी कुठे? कूलरच्या टाकीत.

आम्ही नको म्हटलं. प्रशांतने पंपाच्या वायरीची भीती घातली. मामाजींनी पंपाभोवती जाळी बांधून घेतली. शिवाय त्यांचा एक मुद्दा बिनतोड होता: टाकीत डासांच्या अळ्या होतात, डेंग्यू होतो, कोतवाल अळ्या खाईल. आणि ज्या नळाचं पाणी टाकीत पडेल त्याच नळाचं आपण पिणार, म्हणजे पहाराही चालू. अशा तऱ्हेने आमच्या बैठकीच्या खोलीत, माझ्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर, कूलरच्या पोटात एक कासव राहायला आलं. पाहुण्यांना आम्ही काही बोललो नाही. आतून मधूनच नखांची खरखर यायची आणि पाहुणे उंदीर समजून पाय वर घ्यायचे.

शिट्टी ऐकू आली ती एका दुपारी. शाळेला सुट्टी, मी पेपर तपासत होते. बारीक, तुटक शिट्टी. कुकरचं झाकण नीट बसलं नाही की येते तशी. थांबायची, यायची. माझा पहिला संशय मोटरवर. मिस्त्री आला, त्याने कान लावला, म्हणाला, "मॅडम, बेरिंग गेली हाय." बेरिंग बदलली. शिट्टी तीच. "मंग पंप असन." पंप बदलला. शिट्टी तीच. आता माझा संशय मिस्त्रीवर गेला. मला वाटलं, यानेच मागच्या खेपेला आत काहीतरी सैल करून ठेवलं असणार. त्याला तसं मी बोललेही. तो बिचारा चहा न पिता गेला.

मामाजी खाटेवर पडून हे सगळं पाहत होते. "मशीनचा नाई तो आवाज," ते म्हणाले. "कोतवाल बोलून राह्यला."

मी कूलर बंद केला. खोलीत एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत शिट्टी चालूच राहिली. बाजूची ताटी काढून पाहिलं. कोतवाल मान लांब ताणून होता. तोंड उघडायचा, टिक् असा आवाज यायचा, आणि श्वास आत जाताना ती शिट्टी. एका नाकपुडीवर बुडबुडा होता. डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या. पण मला सगळ्यात भीती वाटली ती त्याच्या तरंगण्याची. तो सरळ नव्हता. एक अंग वर, एक खाली, भरलेली घागर पाण्यात कलते तसा. टाकीच्या कोपऱ्यात टाकलेले झिंगे तसेच पडून होते.

मामाजी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. मग म्हणाले, "पान्यात काई तरी हाय."

त्या संध्याकाळी त्यांनी पाण्याचा ग्लास ओठाला लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाहेर पारा सेहेचाळीसच्या वर, माणूस ऐंशीच्या घरात, आणि पाणी बंद. आमच्यापुढे कासवाचं दुखणं हा प्रश्न नव्हताच. कासव बरं होईपर्यंत हा माणूस टिकेल का, हा प्रश्न होता.

आम्ही काय नाही केलं. पाणी उकळून दिलं. म्हणाले, उकळल्यानं जहर जाते का. विकतचा कॅन आणला, म्हणाले, "यात कोनी भरलं ते तू पाह्यलं?" ताक दिलं, तर त्यात पाणी कुठलं टाकलं याची चौकशी. कलिंगड मात्र खायचे, कारण ते बंद असतं. त्याच न्यायाने नारळपाणी चाललं, पण दोन दिवसच. मग एका नारळाच्या शेंड्याजवळ त्यांना बारीक भोक दिसलं, किंवा दिसल्यासारखं वाटलं, आणि नारळही बंद झाला. त्यांचे ओठ फुटले. जीभ कोरडी पडून शब्द चिकटायला लागले. लघवी किती वेळा झाली हे सुनेने सासऱ्याला विचारायचं, ही वेळ माझ्यावर आली. प्रशांतला म्हटलं तू विचार, तर तो लाजला.

आणि एका दुपारी मामाजींनी मला विचारलं, "टाकी धुतली होती नं तू?"

"हो."

"कायनं धुतली?"

"नुसत्या पाण्यानं, मामाजी."

"नुसत्या?"

एवढंच. पण मला कळायचं ते कळलं. या घरात इतकी वर्षं मी त्यांना जेवण वाढलं, आणि त्यांच्या यादीत मीही होते. कासव घरात नको, असं पहिल्या दिवशी मीच म्हटलं होतं ना. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, रागाने रडले. रडून झाल्यावर मात्र माझ्या डोक्यात दुसरंच काही शिरलं, आणि ते आधीच्यापेक्षा वाईट होतं. मला वाटू लागलं की पाणी हे निमित्त आहे. बायको गेली, गाव गेलं, विहीर बुजली. या माणसाला आता प्यायचंच नसेल तर? मी त्यांच्यावर नजर ठेवू लागले आणि ते माझ्यावर. एका खोलीत दोन पहारेकरी, आणि मधे कूलरमध्ये शिट्टी.

त्यातच दारावर एक माणूस आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. तुमच्याकडे कासव आहे असं ऐकलं, म्हणाला, नुसतं बघायचं आहे, नखं मोजायची आहेत. आमच्याकडे फार दिवसांपासून असं खूळ आहे, की वीस नखांचं कासव सापडलं की पूजा करून पैशांचा पाऊस पाडता येतो. मिस्त्रीने सांगितलं असणार, हा माझा संशय. कूलरवाल्याने नाही तर आणखी कोणी सांगणार. मामाजी खाटेवरून उठले, भिंत धरत दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "आमच्या इथी कासव नाई. पन कुत्रा हाय, त्याची नखं मोजता?" कुत्रा नव्हता. माणूस गेला. पण आता हे गल्लीत पसरलं होतं आणि त्याला घरात ठेवणं शहाणपणाचं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी ओल्या पोत्यात कोतवालाला गुंडाळून टोपलीत ठेवलं आणि मामाजींना म्हटलं, चला, सरकारी जनावरांच्या दवाखान्यात. ते आले. माझ्यावर विश्वास होता म्हणून नाही. मी त्याला कुठे नेते ते बघायला.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. बाहेर दोन बकऱ्या आणि एक लंगडणारा गोऱ्हा उभा. "मी गाई-बकऱ्यांची डॉक्टर," ती आधीच म्हणाली, "पण बघू." तिने नागपूरला आपल्या कॉलेजच्या बाईंना फोन लावला, विचारत विचारत तपासलं. कोतवालाच्या पाठीवर ओलं फडकं ठेवून त्यावर नळी लावली आणि डोळे मिटून ऐकलं. मग त्याला टबात सोडून तो कोणत्या अंगावर कलतो ते पाहिलं. वजन केलं. तोंडात बॅटरी मारली.

"हा बोलतो," मामाजी म्हणाले. "पान्याचं सांगून राह्यला."

"बाबा, कासवाच्या गळ्यात आपल्यासारख्या बोलायच्या तारा नसतात," ती म्हणाली. "फुस्स करतो ना, तेव्हा त्याने डोकं आत घेतलेलं असतं आणि छातीतली हवा बाहेर पडलेली असते. तो राग नाही, निरोप नाही. ते चालतं. पण श्वास आत घेताना शिट्टी, तोंड उघडून टिक् टिक्, नाकाला बुडबुडे, खाणं बंद, आणि पोहताना एका अंगाला कलणं, हे सगळं एकत्र आलं की फुप्फुस भरलं समजायचं. याला न्यूमोनिया आहे. ठेवता कुठे?"

"कूलरमध्ये," मी म्हटलं.

तिने लिहिता लिहिता मान वर केली. "कशामध्ये?"

मी सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, कासवाचं अंग स्वतः तापत नाही, त्याला ऊन लागतं. तुम्ही त्याला अंधारात, गार पाण्यात, दिवसरात्र गार वाऱ्याखाली ठेवलं. सेहेचाळीस अंशांत या गावात थंडीने आजारी पडलेला हा एकटाच जीव असेल. पाण्याला काही झालेलं नाही. आणि हे असलं जनावर घरी ठेवता येत नाही, हे मला वनविभागाला कळवावंच लागेल. तिने आमच्यासमोरच फोन केला. ठरलं असं की इंजेक्शनं पुरी होईपर्यंत तो आमच्याकडे, तिच्या देखरेखीखाली. बरा झाला की ते येऊन नेतील.

ऑटोत मामाजी म्हणाले, "सरकारी मानूस पानी चांगलंच म्हनन. आमाले पानी चांगलं हाय म्हननारे लय भेटले."

शिक्षणाने, फोनवरच्या नागपूरच्या बाईंनी, पाठीवरच्या नळीने हा प्रश्न सुटणार नव्हता. त्यांना साक्ष हवी होती ती एकाच साक्षीदाराची. मी घरी आल्यावर उथळ टब घेतला, मामाजींना नळापाशी बसवलं, त्यांच्या डोळ्यांदेखत नळ सोडला, पाणी जरा कोमट केलं आणि कोतवालाला त्यात ठेवलं. "हे नळाचंच पाणी," मी म्हटलं. "दोष पाण्यात असेल तर हा यात मरेल. आणि यात राहूनच बरा झाला तर?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "तं पाहू," म्हणाले.

मग रोज सकाळी कोतवाल गच्चीवर. अर्धा टब उन्हात, अर्ध्यावर पोतं टाकून सावली. दिवस वर चढायच्या आत खाली. इंजेक्शनला नेणं-आणणं. मामाजी त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसायचे, डोक्यावर ओला दुपट्टा, पोटात फक्त कलिंगड, आणि कान टबाकडे. मी त्यांच्या पाठीमागे जिन्यात, कान त्यांच्याकडे. शिट्टी कमी होते आहे असं मला वाटायचं, पण माझ्या वाटण्यावर माझाच भरवसा नव्हता. मला ती कमी व्हायला हवी होती. हव्या असलेल्या आवाजांच्या बाबतीत कान फार लबाड असतात.

एका सकाळी मामाजी स्टुलावरून घसरले. आवाज मोठा झाला नाही. मी धावले तर डोळे उघडे होते पण ओळख नव्हती, कातडी कोरडी आणि तापलेली. प्रशांतने त्यांना उचललं, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. दुपारी ते शुद्धीवर आले. वरच्या बाटलीकडे बघितलं, नळीकडे बघितलं, हातातल्या सुईकडे बघितलं.

"हे पानी कुठलं?" त्यांनी विचारलं.

प्रशांत हसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला मात्र हसू आलं नाही. मी तशीच घरी आले; निघताना टब सावलीत ओढला होता, पण कोतवालाकडे बघायचं राहिलं होतं म्हणून. टबात त्याच्यापुढे गांडुळं आणि झिंगे सकाळीच ठेवले होते. ते नव्हते. मी खाली बसले. कोतवालाने नाक वर काढलं, श्वास घेतला. मी ऐकत होते. काहीच ऐकू आलं नाही. तो टबात सरळ होता, दोन्ही अंगं एका पातळीत. माझ्या चाहुलीने दचकून त्याने डोकं आत घेतलं, फुस्स केलं.

मामाजी घरी आले ते थेट टबापाशी. स्टूल नको म्हणाले, जमिनीवर बसले, कान पाण्याजवळ नेला. कोतवालाने पुन्हा पुन्हा नाक वर काढलं. मामाजी ऐकत राहिले, कितीतरी वेळ. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पानी आन." अर्धा ग्लास प्यायले. ते उतरताना त्यांच्या गळ्याचा आवाज मला ऐकू येत होता, आणि त्या दिवशी त्याहून चांगला आवाज मला माहीत नव्हता.

वनविभागाचे लोक कोतवालाला न्यायला आले तेव्हा मामाजींनी त्यांची ओळखपत्रं बघितली, गाडीचा नंबर पाठ केला आणि तरी म्हणाले, मी येतो. वाटेत भाजून खातील, हा संशय त्यांनी मला कानात सांगितला, पण पलीकडच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. वनविभागाचे लोक हसले आणि त्यांनी आम्हाला गाडीत घेतलं. चिमूरच्या बाजूला एका मोठ्या तलावावर आम्ही गेलो. काठावर पाणी आटून भेगा पडलेल्या, मधे अजून बरंच पाणी. टोपली कलती केली. कोतवाल थोडा थांबला, मग ओल्या चिखलावरून गेला आणि पाण्यात शिरला. मामाजी काठावर उभे, तो नाक वर काढेल म्हणून. तलाव मोठा होता. कुठे वर आला, आला की नाही, ते कळलं नाही. परत येताना मामाजी वळून वळून तलावाकडे बघत राहिले, आणि मला त्यांची दया आली. मोठ्या पाण्यात एकाच नाकाकडे बघत बसायचं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नळाचा ग्लास भरला, आणि तो माझ्यापुढे धरला.

"तू पी."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा कानशिलं तापली. मी त्यांच्या डोळ्यांत बघत अर्धा ग्लास प्यायले. त्यांनी थोडा वेळ जाऊ दिला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि उरलेला अर्धा ते प्यायले. उष्टा. आमच्या घरात कोणाचं उष्टं कधीच न पिणारा माणूस. तेव्हापासून रोज सकाळी हे चालू आहे. प्रशांतला हे अपमानाचं वाटतं. म्हणतो, तू नाही म्हण ना. मी नाही म्हणत नाही. हा मान आहे की अपमान, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. पण एक सांगते, या घरात दुसऱ्या कोणाला ते विचारत नाहीत.

यंदा रंग दिलेला कूलर माझ्या खाटेकडे तोंड करून ठेवला होता. परवा उठले तर डोकं जड, नाक बंद, आणि श्वास घेतला की नाकातून बारीक शिट्टी. मी सर्दीला कधी इतकी घाबरले नसेन. ग्लास भरला आणि तोंड मिटून मामाजींपुढे गेले. श्वास धरून उभी. पण धरून धरून किती धरणार? शिट्टी निघालीच. मामाजींची मान वर झाली.

ग्लास माझ्या हातातून घेऊन त्यांनी खाटेखाली ठेवला. मनात म्हटलं, संपलं, आता पुन्हा सगळं तेच. ते उठले, भिंतीला धरत कूलरपाशी गेले, बटण बंद केलं. घर शांत झालं. मग माझ्यापाशी आले आणि वाकून माझ्या तोंडाजवळ कान आणला, सासऱ्याने सुनेच्या इतक्या जवळ येऊ नये इतक्या जवळ. मी श्वास घेतला. शिट्टी आली. पुन्हा घेतला, पुन्हा आली.

"रातभर त्या हवेत झोपली तू?"

"हो, मामाजी."

"जाय. अंगनात उनात बस जराशी." त्यांनी वाकून खाटेखालचा ग्लास उचलला. मी त्यातला घोटही घेतला नव्हता.

"थांबा ना, मी आधी पिते..."

"पान्याले काई नाई झालं," ते म्हणाले. भरलेला ग्लास त्यांनी एका दमात संपवला आणि रिकामा माझ्या हातात दिला.